हाताने सर्फबोर्ड बनवायचा धंदा, तोही मित्राबरोबर: हिशेब कुठून सुरू करायचा?

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. मागच्या काही भागांत बोलता बोलता मी सांगून गेलो होतो की नोकरी सांभाळून मी एका मित्राबरोबर सर्फबोर्ड बनवतो. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "मलाही मित्राबरोबर असं काहीतरी हाताने बनवायचं आहे, सुरुवात कुठून करू?" म्हणून हा अख्खा भाग त्यावरच. ऐकताना आकडे निसटतात, त्यामुळे या लिखित रूपात ते नीट मांडले आहेत.

थोडी पार्श्वभूमी. मी बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. महिन्यातले काही दिवस लांबून काम करता येतं. मित्र वेंगुर्ले तालुक्यातला, कॉलेजपासूनचा. ऑक्टोबर ते मे तो गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावर लोकांना सर्फिंग शिकवायचा. त्याच्या काकांचं होड्यांचं फायबरकाम आहे आणि त्यांच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं चालतं. शेडपासून किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. हा पूल लक्षात ठेवा, पुढे हिशेबात येणार आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिली खरेदी वहीची करा. कोणी किती तास काम केलं हे लिहायची वही. का, ते समजायला आधी बोर्ड कसा बनतो ते बघावं लागेल.

बोर्ड म्हणजे आतून काय असतं?

आत हलका फोम, बाहेर काचेच्या कापडाची आणि रेझिनची पातळ कातडी. फोम एकटा घेतला तर गुडघ्याने मोडेल. कातडी एकटी घेतली तर पापडासारखी वाकेल. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटले की वरची कातडी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि फोम त्यांच्यातलं अंतर टिकवतो. मेकॅनिकलवाल्यांना आय-बीम आठवला असेल, तत्त्व तेच. बऱ्याच बोर्डांत मधोमध लाकडाची उभी पट्टी असते. तिला स्ट्रिंगर म्हणतात, ती याच वाकण्याला विरोध करते.

रसायनाच्या बाबतीत दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम आणि पॉलिएस्टर रेझिन. दुसरा म्हणजे ईपीएस, आपला थर्माकोलच, पण घट्ट प्रतीचा, आणि त्यावर इपॉक्सी. यांची अदलाबदल करायला गेलात तर एक जोडी चालतच नाही: पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं. बोर्डाच्या जागी खड्डा मिळतो.

आम्ही ईपीएस निवडला, कारण त्याचे ठोकळे आपल्याकडे मिळतात. पॅकिंग आणि इन्सुलेशनसाठी ते बनतातच. फक्त घनता बघून घ्यायची. बोर्डासाठी साधारण २४ ते ३२ किलो प्रति घनमीटर लागते. दोन बाजूंना प्लायचे साचे लावायचे, गरम नायक्रोम तार साच्यावरून सरकवायची, आणि बोर्डाची बाजूने दिसणारी वक्रता, जिला रॉकर म्हणतात, ती कापून निघते. साच्यांचं ड्रॉइंग मी बोर्डकॅडमध्ये करतो. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे.

ड्रॉइंग करताना सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे लिटर. बोर्ड पूर्ण बुडाला तर जितके लिटर पाणी बाजूला सारेल, साधारण तितके किलो तो उचलून धरतो. ७० किलो वजनाच्या नवशिक्याला ६०-७० लिटरचा बोर्ड लागतो. तितक्याच वजनाचा मुरलेला सर्फर २५ ते २८ लिटरवरही मजेत असतो. आता गंमत बघा. ६५ लिटरचा फोम २५ किलो घनतेने घेतला तर त्याचं वजन जेमतेम १.६ किलो. हातात घेतल्यावर जाणवणारं बाकी सगळं वजन काच आणि रेझिनचं असतं, आणि ते किती चढवायचं हे माणसाच्या हातावर अवलंबून असतं.

तास कुठे जातात?

शेपिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रंधा फिरतोय, पांढरा भुगा उडतोय, आकार उमटतोय. ते खरंच सुंदर असतं, पण एकूण कामाचा तो लहान भाग आहे. आमच्या शेडमध्ये एका बोर्डाला दोघांचे मिळून सुमारे २२ तास लागतात आणि त्यातले शेपिंगचे साधारण ५. उरलेले असे जातात:

खालच्या बाजूला काचेचं कापड पसरून, कडेला कापून, इपॉक्सी ओतून स्क्वीजीने ओढायची. कापड कडेवरून वरच्या बाजूला दुमडायचं. ते पक्कं झालं की बोर्ड उलटा करून वरची बाजू. तिथे कापडाचे दोन थर, कारण पाय तिथे आपटतात. मग फिनचे आणि दोरीचे खाचे पाडून त्यांचे बॉक्स बसवायचे. मग भरणीचा कोट. मग घासणं. ८० नंबरच्या कागदापासून वर वर जात, कापडाचे धागे उघडे न पाडता. हे घासणं सगळ्यात जास्त वेळ खातं आणि फोटोत सगळ्यात कमी दिसतं. शिवाय प्रत्येक पायरीनंतर थांबणं आहे. मापलेले तास २२, पण दिवस आठ-दहा.

यात आपली हवा आणखी भर घालते. ईपीएसच्या दाण्यांमध्ये हवा असते. तापमान चढत असताना कापड लावलं तर ती हवा फुगून ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. म्हणून लॅमिनेशन संध्याकाळी, पारा उतरत असताना. त्या वेळी फोम उलट थोडं रेझिन आत ओढून घेतो. पावसाळ्यात दमटपणामुळे इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो धुतल्याशिवाय पुढचा कोट चढवला तर नंतर सालपट निघतं. काकांचं होड्यांबद्दलचं एकच वाक्य असतं, "आधी सुकव, मगे जोड." ते आमच्या फळीलाही लागू पडतं. हो, काका बोर्डाला फळीच म्हणतात.

शेडमध्ये जाण्याआधी एवढं वाचाच

इपॉक्सीत हार्डनर ठरलेल्या मापानेच घालायचा. बऱ्याच इपॉक्सींचं माप दोनास एक असतं, पण डब्यावरचं बघा. जास्त घातला तर लवकर सुकेल हा समज चुकीचा आहे. जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि कातडी कच्ची राहते. मिसळलेलं रेझिन डब्यात खोल साठवून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर काढतं. कालवल्याबरोबर ओतून पसरायचं.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर आपल्याकडे कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत येतात. हे दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचा, मगच हार्डनर. आणि तो हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

घासताना धुळीचा मास्क, रेझिनच्या वेळी वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क. दोन्हींची कामं वेगळी आहेत. तोंडावर रुमाल बांधणं दोन्हींतलं काहीच करत नाही. हा खर्च बोर्डाच्या किमतीत धरायचा असतो, हौस म्हणून खिशातून करायचा नसतो.

पहिलं गिऱ्हाईक दुरुस्तीचं

पहिले काही महिने आम्ही जवळजवळ फक्त दुरुस्ती केली. अश्वे, मोरजी, हरमल या पट्ट्यात सर्फिंगच्या शाळा आहेत, आणि शाळेचा बोर्ड म्हणजे एसटीची सीट. रोज नवा माणूस, रोज नवी आदळआपट. नाक फुटतं, शेपूट चेचतं, फिनचा बॉक्स उपटून निघतो. ईपीएसच्या बोर्डाला भेग गेली की पाणी आत शिरतं आणि तो जड होत जातो, म्हणून मालकाला थांबून चालत नाही.

दुरुस्तीचे तीन फायदे आहेत. साहित्य तेच लागतं, त्यामुळे हात बसतो. पैसे आठवड्यात येतात. आणि तिसरा मोठा: इतरांचे बोर्ड नेमके कुठे मोडतात हे दिसतं. शाळांचे बोर्ड आमच्याकडे बहुतेक वेळा टाचेखाली चेपलेले आणि फिनपाशी फुटलेले येतात. त्यावरून आम्ही आमच्या बोर्डात टाचेखाली कापडाचा एक जादा तुकडा आणि फिनबॉक्सभोवती जास्त घनतेचा फोम घालायला लागलो.

सीझनचंही एक गणित आहे. आपल्या बाजूला जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि शाळा बंद. नेमक्या त्याच महिन्यांत नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चांगल्या लागतात. कोवळम, महाबळीपुरमकडे तेव्हा गर्दी असते. म्हणजे आपली सुट्टी हा त्यांचा सीझन. तिकडे बोर्ड पाठवायचे तर मात्र ते एप्रिल-मेमध्येच बनवून ठेवावे लागतात. पावसात रेझिन काय करतं ते वर सांगितलंच.

दोन मित्रांची जुनी गोष्ट

या धंद्याचा इतिहास वाचताना मला कॅलिफोर्नियातल्या दोघांची गोष्ट फार उपयोगी वाटली. हॉबी अल्टर यांनी १९५४ मध्ये डाना पॉइंटला बोर्डांचं दुकान काढलं. तेव्हा बोर्ड बाल्सा लाकडाचे असत. त्यांच्याकडे काचेचं काम करणारे गॉर्डन क्लार्क आणि ते, दोघांनी मिळून पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पॉलियुरेथेन फोमचे कच्चे ठोकळे, म्हणजे ब्लँक, बनवायची पद्धत बसवली. मग १९६१ मध्ये दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. अल्टर यांच्याकडे बोर्ड राहिले, क्लार्क यांनी फोम घेतला. मला यात दिसतं ते असं: बोर्डाचं गिऱ्हाईक सर्फर असतो, ब्लँकचं गिऱ्हाईक दुसरा शेपर. हे दोन वेगळे धंदे आहेत हे ओळखून त्यांनी ते वेगळे केले आणि दोघंही मोठे झाले.

गोष्टीचा दुसरा भाग ५ डिसेंबर २००५ चा. त्या दिवशी क्लार्क यांनी गिऱ्हाइकांना फॅक्स पाठवून क्लार्क फोम बंद केली. पूर्वसूचना काहीच नाही. अमेरिकेतले बहुतांश ब्लँक तिथून येत होते, त्यामुळे कित्येक शेपरांचं काम एका दिवसात अडलं. आम्ही यातून एक नियम घेतला: फोम, कापड, रेझिन, प्रत्येकाचा दुसरा पुरवठादार ठाऊक असायलाच हवा, मग तो थोडा महाग का असेना.

आणि एक. आज जगभर दिसणारी तीन फिनची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये स्पर्धा जिंकून गाजवली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. सगळ्यांनी ती उचलली. म्हणजे "आपलं डिझाइन भारी आहे" यावर धंदा उभा करू नका. आकार कोणीही बघून उतरवतो.

आता वही उघडू

पुढचे आकडे आमच्या वहीतले नाहीत. पद्धत कळावी म्हणून गोल करून घेतले आहेत, आणि जीएसटी यात धरलेला नाही.

समजा बोर्ड २८,००० रुपयांना विकला. साहित्य १५,०००. बहुतेक जण इथेच थांबतात आणि म्हणतात, १३,००० सुटले! आता पुढे मोजा. २२ तास, ताशी २५० ने ५,५००. शेडचं भाडं, वीज, मास्क, कागद मिळून महिन्याला १२,००० आणि महिन्यात चार बोर्ड, म्हणजे एका बोर्डाला ३,०००. बिघडलं तर पुन्हा करून द्यायची तरतूद १,५००. पोचवणं १,०००. एकूण २६,०००. उरले २,०००.

महिन्यात चारऐवजी दोनच बोर्ड गेले तर भाड्याचा वाटा ३,००० वरून ६,००० होतो, आणि प्रत्येक बोर्डामागे १,००० चा तोटा. म्हणजे तास लिहिले नाहीत तर तोट्यातला धंदा सहा-आठ महिने फायद्यातला वाटत राहतो. तो फायदा दोघांच्या फुकट श्रमातून आलेला असतो. आणि दोघांचे श्रम सारखे नसतील तर एकाच्या जास्त.

आमच्याकडे ते सारखे नव्हतेच. मला दर महिन्याला पगार येतो. मित्राने शिकवण्याचं काम अर्ध्यावर आणलं होतं. बोलायला बसलो तेव्हा तो सरळ म्हणाला, "तुझो पगार चालू आसा. माझो एक सीझन गेलो तर वर्ष जाता." यावर "अरे, आपण मित्र आहोत, बघू नंतर" असं म्हणता आलं असतं. पण मग कायदा काय म्हणतो बघा.

लिहून ठेवलं नाही तर कायदा काय धरतो?

दोघांनी मिळून नफ्यासाठी धंदा केला की कागद नसला तरी ती भागीदारी ठरू शकते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२, त्याचं कलम १३ बघा. वेगळा करार नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा, आणि धंद्यात काम केलं म्हणून भागीदाराला मेहनताना मागता येत नाही. म्हणजे मित्राने महिन्याला १२० तास घासकाम केलं आणि मी २० तास ड्रॉइंग केलं, तरी कायद्याच्या लेखी दोघांना सारखं. "मैत्रीत कसला कागद" म्हणणाऱ्याने नकळत हाच करार केलेला असतो. शिवाय कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार असतो, अगदी स्वतःच्या घरादारासकट. ते टाळायचं तर एलएलपीचा रस्ता आहे, पण त्यात दरवर्षीची कागदपत्रं आणि खर्च वाढतो.

आम्ही दोन पानांचा करार केला. त्यात चार गोष्टी आहेत.

पहिली, तास हा खर्च आहे. दोघांचे तास वहीत चढतात, दर दोघांना एकच, आणि आधी ते पैसे निघतात. नोकरीत माझा तास महाग असेल, शेडमध्ये तो घासकामाइतकाच. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बोललो. तासांचे पैसे निघाल्यावर उरलेला नफा अर्धा-अर्धा.

दुसरी, भांडवल. मी जास्त पैसे घातले. त्यांच्यावर माझा नफ्यातला वाटा वाढत नाही. ते वेगळे लिहिले आहेत आणि ठरलेल्या हप्त्याने परत येतात.

तिसरी, अंतिम शब्द. बोर्ड बाहेर जायला तयार आहे की नाही हे मित्र ठरवतो, किंमत मी. वाद झाला तर ज्याचं खातं त्याचा निर्णय.

चौथी, वेगळं व्हायचं झालं तर. साचे आणि अवजारं मित्राकडे राहतील, कारण पोट त्याचं त्यावर आहे. ड्रॉइंगच्या फाइलींची प्रत दोघांकडे. नाव दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचं नाही. हे कलम लिहिताना दोघांनाही अवघड वाटलं, पण भांडण नसतानाच ते शांतपणे लिहिता येतं.

आता तो पूल. वस्तू विकणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाखांची उलाढाल आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की ही सूट लागू होत नाही. पलीकडचं गाव स्कूटरने अर्ध्या तासावर असेना का, राज्य वेगळं. दुरुस्ती ही सेवा, तिचा नियम वेगळा, मर्यादा २० लाख. आपल्या कामाचा तपशील घेऊन एकदा सीएकडे बसा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून टाका. आणि माझ्यासारखे नोकरी करत असाल तर नेमणुकीच्या करारातलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम वाचा, गरज असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. मी ती पहिला बोर्ड विकण्याआधीच घेतली होती.

मग करायचं की नाही?

आमचं म्हणाल तर, तासांचे पैसे निघतात, वर थोडं उरतं, आणि त्यातला मोठा वाटा अजून दुरुस्तीचाच आहे. नोकरी सोडण्याइतकं ते नाही. मित्राने या सीझनला शिकवण्याचे दिवस आणखी कमी केले, आणि वहीतला महिन्याचा आकडा बघूनच केले. त्याच्या आईने विचारलं तेव्हा त्याने तिला वही दाखवली. आकडा मोठा नव्हता, पण खरा होता.

तुमचं सर्फबोर्ड नसेल, फर्निचर असेल, साबण असेल, चामड्याच्या पिशव्या असतील. या आठवड्यात एवढंच करा: एक नग पूर्ण बनवा, घड्याळ लावून. साफसफाई, सामान आणायची फेरी, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं, सगळं धरा. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा की आपला तास किती रुपयांचा आहे, आणि कागद एकमेकांना दाखवा. दोन आकड्यांत फार फरक निघाला तर साहित्य आणण्याआधी तेच बोलून घ्या.

पुढच्या भागात गरम तारेचा कटर घरी कसा बनवायचा आणि त्याला वीज कशी सुरक्षितपणे द्यायची ते सांगतो. प्रश्न पाठवत राहा. भेटू.